गल्ल्यावरची घंटा

हॉटेलात जेवण झालं की आपण बिल मागतो. मशीन चर्र आवाज करून कागद बाहेर टाकतं, आपण खालचा आकडा बघतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि निघतो. त्या मशीनला आमच्या धंद्यात पीओएस म्हणतात, म्हणजे पॉइंट ऑफ सेल. काम अगदी सोपं वाटतं ना? ऑर्डर घ्या, बेरीज करा, कर लावा, छापा. पण गंमत अशी की बेरीज करायला हे यंत्र जन्माला आलंच नव्हतं. ते आलं चोरी पकडायला!

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावात जेम्स रिट्टी नावाच्या माणसाचं सलून होतं (केस कापायचं नव्हे, दारूचं :-) ). धंदा जोरात, पण पैसा काही हाताला लागेना. कारण उघड होतं.. नोकर पैसे गल्ल्याऐवजी खिशात टाकत. १८७८ साली बोटीने युरोपला जाताना रिट्टीने बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं. पंख्याचे फेरे मोजता येतात, मग विक्री का नाही? भाऊ जॉनला हाताशी धरून त्याने यंत्र बनवलं आणि १८७९ साली पेटंट घेतलं. नाव ठेवलं 'इन्करप्टिबल कॅशियर', म्हणजे कधीच पैसे न खाणारा कॅशियर. नावातच मालकाचा सगळा राग आला की नाही?

रिट्टीचं काही जमलं नाही, त्याने धंदा विकला. पुढे १८८४ साली जॉन पॅटरसनने ती कंपनी घेतली आणि नॅशनल कॅश रजिस्टर असं नाव दिलं. या यंत्रात हळूहळू ज्या गोष्टी आल्या त्या बघा. ड्रॉवर उघडला की घंटा वाजणार, म्हणजे आत बसलेल्या मालकाला कळणार. रक्कम मोठ्या आकड्यात गिऱ्हाइकाला दिसणार, म्हणजे गिऱ्हाईकच साक्षीदार. प्रत्येक विक्री आतल्या कागदी पट्टीवर उमटणार. १९०६ साली चार्ल्स केटरिंगने त्याला विजेची मोटर बसवली. १९७४ साली मॅकडोनाल्डच्या रेस्टॉरंटांसाठी मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रणा आली, आणि १९८६ साली जीन मोशरने अटारीच्या संगणकावर टचस्क्रीनचा पीओएस दाखवला. यंत्र बदलत गेलं, संशय मात्र तोच राहिला.

हे मला इतकं जवळचं वाटायचं कारण म्हणजे नोकरी सांभाळून मी दोनेक वर्षं शनिवार-रविवारी एका हॉटेलचा पीओएस सांभाळत होतो. प्रिंटरचा रोल अडकला, किचनमध्ये केओटी जात नाहीये, मेनूतले भाव बदलायचेत.. असली कामं. पण डेटाबेस उघडला की रिट्टी भेटायचाच! बिल रद्द करायला मॅनेजरचा पासवर्ड. विक्री न करता ड्रॉवर उघडला तर त्याची नोंद. केओटीवर चार बटर नान आणि बिलावर तीन असतील तर रात्रीच्या रिपोर्टात फरक. कराच्या टेबलात तर छोटा इतिहासच होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी, बिगर-एसीला १२ टक्के, एसीला १८ टक्के. मग १५ नोव्हेंबर २०१७ पासून सरसकट ५ टक्के. जुन्या ओळी कोणी पुसल्या नव्हत्या. पुसायच्याच नसतात, कारण त्या काळातलं बिल पुन्हा काढलं तर त्या काळातलाच कर दिसला पाहिजे.

एका रविवारी मालक म्हणाले, "अरे, रोखीची थोडी बिलं मागाहून काढून टाकता येतील असं एक बटण दे ना. आणि नंबर पण सलग झाले पाहिजेत हां."

कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. जगभर या प्रकाराला नावसुद्धा आहे, झॅपर. ऑनलाइन पैशांची बँकेत नोंद असते, म्हणून रोखीची बिलं गाळायची आणि क्रमांक पुन्हा लावायचे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात हे इतकं बोकाळलं की २०११ मध्ये सरकारने रेस्टॉरंटांना विक्रीची नोंद ठेवणारी वेगळी सीलबंद पेटी सक्तीची केली. जर्मनीने २०२० पासून अशाच प्रकारचा कायदा लागू केला. म्हणजे नोकरावर नजर ठेवायला मालकाने जे यंत्र आणलं, त्याच्याच आधारे सरकार मालकावर नजर ठेवू लागलं. आणि मधे कोण? प्रोग्रामर! असं बटण कोणीतरी इंजिनिअरच लिहितो ना.

मी नाही म्हटलं. कायदा, नीतिमत्ता वगैरे बोललो नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एवढंच म्हणालो, "काका, हे बटण तुम्ही गावाला गेल्यावर मॅनेजर दाबणार नाही कशावरून? आज बिल गायब झालं तर तुम्हाला कळतं. उद्या ते तुम्ही काढलं की त्याने, हे मलाही सांगता येणार नाही."

काका गप्प झाले. मग म्हणाले, "चहा घे." पुढल्या महिन्यात त्यांनी दुसरा माणूस बघितला. त्याने बटण दिलं की नाही, मी विचारलं नाही.

लोकांना वाटतं हिशेबाची नोंद म्हणजे सरकारची कटकट. खरं तर ती आधी मालकाची गरज होती, आणि प्रामाणिक कॅशियरचीसुद्धा. कारण पट्टीवर आकडा असला की त्याच्यावर उगाच आळ घेता येत नाही. ती पट्टी सगळ्यांसाठी सारखी असते म्हणूनच उपयोगाची असते. एकाला खोडता येते म्हटलं की ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

असो. पुढच्या वेळी बिल हातात आलं की नुसता एकूण आकडा बघू नका, वरचा बिल नंबरही बघा. एवढासा आकडा, पण त्याच्यामागे दीडशे वर्षांची भांडणं आहेत.