विजेचा ससा आणि बिनजोडचे बैल

 

आज दोन वर्षांची गोष्ट आहे. पहिलं वर्ष १९२७, ठिकाण ब्रिटन आणि आयर्लंड. दुसरं वर्ष २०२२, ठिकाण आपला महाराष्ट्र. पहिल्या वर्षात धावतात कुत्रे, दुसऱ्या वर्षात बैल. मध्ये पंचाण्णव वर्षांचं अंतर आहे, पण भांडण तेच. जनावरांची शर्यत चालू द्यायची की बंद करायची? आणि हे ठरवायचं कोणी?

मी साजगावचा. म्हणजे खोपोलीच्या शेजारचा, बोंबल्या विठोबाच्या यात्रेचा. कार्तिकात यात्रा भरते, सुक्या मासळीचा वास हायवेपर्यंत येतो, आणि चहाच्या टपरीवर बैलांचा विषय निघाला की दोन तट पडतातच. एक म्हणतो, "शर्यत नसेल तर बैल पाळायचाच कशाला?" दुसरा म्हणतो, "मुक्या जनावराला पळवून तुम्हाला काय मिळतं?" दोघांचंही ऐकायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल. आधी जाऊया मँचेस्टरला.

ग्रेहाउंड ही कुत्र्याची जात म्हणजे नुसती धाव. लांब पाय, खोल छाती, अंगावर चरबी नाही. इंग्लंडमध्ये या कुत्र्यांचा जुना खेळ असा होता: मोकळ्या रानात जिवंत ससा सोडायचा, मागे दोन कुत्रे सोडायचे आणि कोणता कुत्रा सशाला जास्त चांगला वळवतो ते बघायचं. लिव्हरपूलजवळची वॉटर्लू कप ही त्यातली मोठी स्पर्धा १८३६ पासूनची. हा खेळ जमीनदारांचा. त्याला रान हवं, वेळ हवा, पैसा हवा. गिरणी कामगाराला यातलं काहीच परवडणारं नव्हतं.

मग अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या माणसाने विजेवर धावणारा खोटा ससा तयार केला. गोल ट्रॅक, कडेने रूळ, रुळावर मोटर आणि मोटरवर ससा. कुत्रे त्याच्या मागे धावतात, पण तो कधीच हाती लागत नाही. खरा ससा मरत नाही, आणि शर्यत स्टेडियममध्ये आणता येते. चार्ल्स मन या अमेरिकन माणसाने ही कल्पना इंग्लंडला नेली, ब्रिगेडियर जनरल क्रिचली यांना सोबत घेतलं, आणि २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर पहिली शर्यत झाली. त्या रात्री प्रेक्षक होते जेमतेम १,७००.

आता पुढचं वर्ष बघा. एप्रिल १९२७ मध्ये बेलफास्टचं सेल्टिक पार्क सुरू झालं. मे महिन्यात डब्लिनचं शेलबर्न पार्क. जूनमध्ये लंडनचं व्हाइट सिटी, म्हणजे १९०८ चं ऑलिंपिक जिथे झालं तेच स्टेडियम. डिसेंबरमध्ये वेम्बली. त्या एका वर्षात ब्रिटनमध्ये या शर्यतींना पन्नास लाखांच्या वर लोक गेले, आणि १९२८ मध्ये हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. ॲप व्हायरल होतं म्हणतो ना आपण, तसं. फक्त फोनशिवाय.

एवढी गर्दी का झाली? पहिलं कारण, वेळ. शर्यती संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात व्हायच्या. दिवसपाळी संपवून माणूस पायी नाहीतर ट्रामने पोचायचा. घोड्यांच्या शर्यतीला जायचं तर दिवसाचा रोज बुडायचा, इथे तो बुडत नव्हता.

दुसरं कारण, पैज. आणि इथे कायद्याची गंमत आहे. ब्रिटनमध्ये १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैज लावायला बंदी होती. पण श्रीमंत माणूस घरी बसून उधारीवर, टेलिफोनवरून घोड्यावर पैसे लावू शकत होता, तो गुन्हा नव्हता. आणि रेसकोर्सवर गेलात तर रोखीनेही लावता येत होते. म्हणजे पैज गुन्हा नव्हती, गरिबाच्या गल्लीतली पैज गुन्हा होती. कुत्र्यांचा ट्रॅक शहरात आला आणि गल्लीतल्या माणसालाही कायदेशीर पैज लावायची जागा मिळाली.

झालं, ओरड सुरू. धर्मगुरू म्हणाले, संसार बुडतील. वर्तमानपत्रं म्हणाली, कामगार आळशी होतील. लक्षात घ्या, हे सगळं १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर लगेचचं आहे. खाणकामगार महिनोनमहिने बिनपगारी राहून हरले होते. त्यांच्या खिशातल्या पैशांची काळजी अचानक सगळ्यांना वाटायला लागली. काळजी अगदीच खोटी नव्हती, घरं बुडतही असतील. पण हीच काळजी घोड्यांच्या रेसकोर्सवर टोपी घालून उभ्या राहणाऱ्यांबद्दल कोणी एवढी करत नव्हतं.

सरकारने बंदी घातली नाही. १९३४ मध्ये कायदा केला: एका ट्रॅकवर वर्षात जास्तीत जास्त १०४ दिवस पैजेच्या शर्यती, आणि पैजेचं यंत्र कायदेशीर. म्हणजे खेळ ठेवला, त्याला कुंपण घातलं.

याच काळात या खेळाला हिरो मिळाला. मिक द मिलर. आयर्लंडमधल्या एका खेड्यात, मार्टिन ब्रॉफी नावाच्या पाद्रीबाबांच्या घरी जन्मलेलं कुत्रं. लहानपणी आजाराने मरता मरता वाचलं. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने व्हाइट सिटीवर इंग्लिश डर्बी जिंकली. पुढे चक्क सिनेमात काम केलं. १९३९ मध्ये ते मेलं, तेव्हा त्याचं शरीर पेंढा भरून जतन केलं. ते आजही इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात उभं आहे.

आता एक प्रश्न मनात ठेवा. मिक द मिलर संग्रहालयात गेला. त्याच्या मागे पाचवे-सहावे आलेले कुत्रे कुठे गेले? विजेच्या सशाने सशाचा जीव वाचवला, म्हणून सगळ्यांना वाटलं क्रौर्याचा प्रश्न मिटला. पण धाव संपलेल्या कुत्र्याचं काय, हा प्रश्न कायद्यात यायला फार वर्षं गेली. शर्यतीच्या ग्रेहाउंडच्या कल्याणासाठी इंग्लंडमध्ये वेगळे नियम आले ते थेट २०१० मध्ये. आणि २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारने तर ही शर्यतच बंद करणार असं जाहीर केलं.

चला, आता घरी येऊ.

बैलांची शर्यत एकच नाही. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे घाटातला गाडा पळतो, पुढे घोडी असते, सेकंदावर निकाल लागतो, आणि जिंकणाऱ्याला 'घाटाचा राजा', 'फळीफोड' असे किताब मिळतात. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर एका वेळी बऱ्याच गाड्या सुटतात. अलिबाग-मुरुडकडे समुद्राच्या ओल्या वाळूत पळवतात. आणि आपल्या रायगड-ठाणे पट्ट्यात बिनजोड, म्हणजे दोनच गाडे, एकास एक. जमलेल्या लोकांना तिकीट नाही, गावची जत्रा आणि गावचं मैदान.

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने प्रदर्शन आणि खेळ यांसाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबळ्या आधीपासून होते. ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्ही बेकायदेशीर ठरवल्या. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, त्याची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही. तो पळतो तो भीतीने आणि वेदनेने. प्राण्यालाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे.

हे वाचून राग यायच्या आधी एक कबूल करू. वेदनेचं ते म्हणणं हवेतलं नव्हतं. शेपटी पिरगाळणं, चावणं, काठीला खिळा लावून टोचणं, बॅटरीचा झटका देणं, हे होत होतं. शर्यती बघितलेल्या कोणालाही हे नवीन नाही.

पण दुसरी बाजूही खोटी नाही. १९९६ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला होता, म्हणून महालक्ष्मीचं रेसकोर्स चालूच राहिलं. आपल्या कर्जत तालुक्यात, माथेरानला, घोड्यांसाठी ऑलिंपिया रेसकोर्स आहे, तेही इंग्रजांच्या काळापासून. आणि हे ऐका: १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात, परवान्याच्या रेसकोर्सवर लावलेली पैज जुगार धरायची नाही अशी सूट आहे. ती सूट घोड्यांच्या शर्यतीला आहे आणि कुत्र्यांच्या शर्यतीलाही आहे. १९२७ च्या त्या लाटेची आठवण करून देणारा शब्द आपल्या कायद्यात बसलेला आहे. बैलाचं नाव तिथे नाही. शेतकऱ्याला जो सल होता तो हाच. चाबूक घोड्यालाही बसतो, मग साहेबाची शर्यत खेळ आणि माझी शर्यत क्रौर्य कशी?

यात आणखी एक गाठ बसली. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. शेतात ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आधीच आले होते. आता गोठ्यात खोंड जन्मला तर त्याचं करायचं काय? नांगराला नको, शर्यतीला नको, कसायाला विकता येत नाही. कडबा मात्र रोज लागतो. देशाच्या पशुगणनेत हे स्पष्ट दिसतं. २०१२ मध्ये देशात गाय-बैलांमधले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ मध्ये ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट. याचं एकच कारण शर्यतबंदी आहे असं मी म्हणणार नाही, यंत्रांचा वाटा मोठाच आहे. पण ज्याचं काम गेलं त्याचा वंश टिकवायला काहीतरी निमित्त लागतं, हे खिल्लार पाळणाऱ्यांचं म्हणणं या आकड्यांसमोर उडवून लावता येत नाही.

२०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना बीचवर तरुण पोरं जल्लिकट्टूसाठी बसली, तमिळनाडूने कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बदलला, पण मुंबई हायकोर्टाने शर्यतींना स्थगिती दिली. मग चार वर्षं तारखा. या काळात शर्यती थांबल्या का? नाही. पहाटे, आडरानात, चोरून होत राहिल्या. गुन्हे दाखल झाले. आणि चोरून होणाऱ्या शर्यतीला कोण डॉक्टर येणार?

१६ डिसेंबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, धाव हजार मीटरच्या आत हवी, जनावरांचा डॉक्टर हवा, काठी-चाबूक-बॅटरी बंद. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आणि मग २०२२ उजाडलं. आपलं १९२७ ते हेच. गावोगाव मैदानं सुरू झाली. मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला भरलेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस काय होतं? जेसीबी! यूट्यूबवर लाइव्ह सुरू झालं, ड्रोनचे शॉट आले, बकासुर आणि मथुर ही बैलांची नावं पोरांच्या स्टेटसवर झळकायला लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वादातून चक्क गोळीबार झाला. म्हणजे पैसा आला, नाव आलं आणि त्यांच्यामागून जे येतं तेही आलं. शेवटी १८ मे २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. कायद्याचा वाद तिथे संपला.

माझं मत विचाराल तर सांगतो. बंदी उठली हे मला बरोबर वाटतं. चोरून होणाऱ्या शर्यतीपेक्षा उजेडात होणारी शर्यत बैलाला कमी त्रासाची. आणि एकाच्या शर्यतीला कुंपण, दुसऱ्याच्या शर्यतीला कुलूप, हा न्याय नव्हे. पण खरी परीक्षा आत्ता सुरू झाली आहे. ब्रिटनने विजेचा ससा आणला आणि समजले, काम झालं. आपणही हजार मीटर आणि डॉक्टर एवढं लिहून समजतोय, काम झालं. लाखोंचा बैल सगळ्यांना माहीत असतो. त्याला अंडी, दूध, पंखा, मालिश सगळं मिळतं. त्याच्याशी बिनजोड हरलेला बैल पुढच्या वर्षी कोणाच्या दावणीला आहे, हे कोणी विचारत नाही. वंश टिकवायला शर्यत हवी, असं आपण कोर्टात सांगितलं ना? मग वंश म्हणजे फक्त पहिला आलेला बैल नाही. शेवटी आलेलाही त्याच वंशाचा.

त्यामुळे यंदा मैदानावर गेलात तर जरूर ओरडा, भंडारा उधळा. पण बैल सुटतो तिथे जाऊन एकदा नीट बघा. काठी कोणाच्या हातात आहे? डॉक्टरची गाडी आहे की नुसतं नाव आहे? व्हिडिओ काढताना निकालाच्या रेषेवरचा काढता, तसा एक सुटायच्या जागेवरचाही काढा. कायदा कागदावर आहे, तो मैदानात आणणं आपल्या हातात आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या शर्यतीला काय म्हणतात, घाट की मैदान की बिनजोड, ते मला कळवा. आणि हरलेल्या एखाद्या बैलाची गोष्ट माहीत असेल तर ती आधी कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!