निकेलच्या पायाखालची माती

पंचगंगेच्या काठी पावसाळ्यानंतर साचून राहिलेल्या डबक्यात काठी घालून तळचा गाळ ढवळला, तर बुडबुडे वर येतात, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. त्या बुडबुड्यांत मुख्यत्वे मिथेन वायू असतो. १७७६ साली व्होल्टा या इटालियन पंडिताने माज्जोरे सरोवराच्या काठी तो गाळातून गोळा केला व पेटवून पाहिला. शेणाच्या टाकीत, कोळशाच्या खाणीत आणि मुंबईजवळच्या समुद्राखालील खडकांतही हाच वायू आहे.

मिथेन पेटतो खरा; पण ठिणगी मिळेपर्यंत त्याच्याइतका अलिप्त वायू विरळाच. एका कर्बाच्या अणूला हायड्रोजनचे चार अणू चहूकडून घट्ट बिलगलेले असतात, आणि परक्याला हात घालावयास फट म्हणून सापडत नाही. या विरक्ताला धातूच्या संगतीने बोलते करता येते, हा शोध खाणकामगारांचे प्राण वाचविण्याच्या खटपटीतून लागला. खाणीतील वायूचा स्फोट होऊ नये म्हणून सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली जाळीचा दिवा तयार केला. पुढे १८१७ साली त्यांना आढळले की, जळाऊ वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली, तर ज्योतीवाचूनच ती लाल होऊन राहते. धातू स्वतः झिजत नाही आणि दुसऱ्यांकडून काम करवून घेतो, अशा या वृत्तीला बर्झेलियस यांनी १८३५ साली नाव दिले. आपण अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतो.

प्लॅटिनम महाग, निकेल स्वस्त. फ्रान्समधील तुलूझ येथे साबातिए व सांदेरां यांनी १९०२ साली दाखविले की, २०० ते ३०० अंशांवर तापलेल्या निकेलच्या चूर्णावरून कर्बाचे ऑक्साइड व हायड्रोजन नेले असता मिथेन तयार होतो. आता गंमत पाहा. जो निकेल मिथेन जोडतो, तोच अधिक उष्णतेवर तो तोडतो. सुमारे ८०० अंशांवर वाफेच्या सोबतीने मिथेनचा एक रेणू फुटला, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे तीन रेणू पदरात पडतात. अमेरिकेत १९३० नंतर हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

परंतु कारखानदारांना एक अडचण भेडसावीत होती. निकेल वितळतो १४५५ अंशांवर. पण त्याच्या पुष्कळ खालीच त्याचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून जाड होतात, आणि काम करणारा पृष्ठभाग आटतो. म्हणून ते कण एखाद्या ऑक्साइडवर, म्हणजे धातूच्या भस्मावर, विखरून बसवितात. बहुधा हे आसन अ‍ॅल्युमिनाचे असते. मंडळींची समजूत अशी की, आसन ते आसन. बसणारा काय तो कर्ता! कोल्हापूरच्या माणसाने मात्र हे सहजासहजी मान्य केले नसते. तालमीतल्या हौद्याची लाल माती ताक, तेल, हळद घालून का मळावी लागते, हे येथे पोरही सांगेल.

अनुभवाने तसेच ठरले. अ‍ॅल्युमिनाचा आम्लपणा राहिला, तर मिथेनमधील कर्ब काजळीच्या रूपाने साचतो. निकेलच्या कणाखालून कर्बाचे तंतू केसासारखे वाढतात, कण उचलला जातो आणि नळीतील गोळ्यांचा चुराही होतो. त्यात मॅग्नेशिया किंवा चुना मिसळला असता काजळी आवरते, कारण ते भस्म वाफेला जवळ धरून निकेलला प्राणवायूचा पुरवठा करीत राहते. १९७८ साली अमेरिकेत टॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून नवल दाखविले. टिटॅनियमच्या भस्मावर बसविलेले प्लॅटिनम हायड्रोजनमध्ये ५०० अंशांवर तापविले, तर ते हायड्रोजन धरीनासे होते. पुढे उलगडा झाला की, आसनच वर सरकून धातूला पांघरूण घालते.

या साऱ्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. तेथील खनिज बेळगावच्या कारखान्यात गेले, की त्याचा अ‍ॅल्युमिना होतो. आणि उसाच्या फडात पडणारा युरिया? १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले, त्याच क्षेत्रातील वायू पुढे अलिबागजवळील थळच्या खत कारखान्यात आला. तो कारखाना १९८५ साली सुरू झाला. तेथे प्रथम वायूतील गंधक काढून टाकावे लागते, कारण त्याचा अंशही निकेलला विषासमान होय. नंतर वाफ, निकेल आणि भस्म मिळून मिथेन फोडतात, त्यातील हायड्रोजन नत्रवायूशी जोडून अमोनिया होतो, आणि अमोनियाचा युरिया.

एक काम अद्याप अपुरे आहे. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून निघणाऱ्या वायूत मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइडही पुष्कळ असतो. दोन्ही मिळून निकेलवर फोडता येतात; प्रयोगशाळेत ते होतेही. पण वाफ थोडी, म्हणून काजळी फार, आणि निकेल लवकर गुदमरतो. सेरियमसारख्या, स्वतःजवळचा प्राणवायू देऊ शकणाऱ्या धातूंच्या भस्मांवर त्यासाठी खटपट चालू आहे.