प्रचालक दंडाचे सांधे : इतिहास व दुरुस्ती

एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारे दंड मोटारगाडीत एका सरळ रेषेत ठेवता येत नाहीत. एंजिन सांगाड्याला जखडलेले असते. चाके मात्र स्प्रिंगांवर वरखाली होतात आणि पुढची चाके त्याशिवाय डावीउजवीकडे वळतात. म्हणून दोन दंड परस्परांशी कोन करून असतानाही एकाचे परिभ्रमण दुसऱ्यास देणारा सांधा लागतो. याचे मुख्य प्रकार दोन : सार्वत्रिक सांधा व समवेग सांधा. पहिल्याला त्यातील फुलीच्या आकाराच्या भागावरून मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. हे सांधे निघता निघत नाहीत आणि नवे असले तरी बसता बसत नाहीत, असा घरी मोटार दुरुस्त करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. या अडण्याचे कारण बहुधा बळाची उणीव हे नसून सांध्याची काटेकोर घडण हे असते. ती घडण कशी सिद्ध झाली, हे सांध्याच्या इतिहासावरून कळते.

पूर्वेतिहास : जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) या इटालियन गणितज्ञाचे नाव सार्वत्रिक सांध्यास यूरोपात दिले जाते. तथापि त्याने वर्णन केलेली रचना मुख्यत्वे वस्तू समतोल टांगून ठेवण्याच्या कड्यांची होती. परिभ्रमण पुढे नेणाऱ्या सांध्याचे वर्णन इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी केले आणि १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यास ‘सार्वत्रिक’ हे विशेषण लावले. त्यांच्यापुढे प्रश्न वाहनांचा नव्हता, खगोलीय उपकरणांचा होता.

हुक यांच्या सांध्यात एक उणीव आहे. पहिला दंड एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो. दंडांमधील कोन ३० अंश असेल, तर दुसऱ्या दंडाचा वेग पहिल्याच्या सु. ०·८७ पट ते १·१५ पट यांदरम्यान बदलत राहतो. दंडाच्या दोन्ही टोकांना असे सांधे लावून दोन्हीकडील कोन सारखे ठेवल्यास एकाचा दोष दुसरा नाहीसा करतो. मात्र त्यासाठी मधल्या दंडाच्या दोन्ही टोकांचे दुबेळके एकाच पातळीत असावे लागतात.

मोटारींतील वापर : आरंभीच्या अनेक मोटारींत मागील चाके साखळीने फिरविली जात. साखळीत धूळ व चिखल साचे आणि ती लवकर झिजे. अमेरिकन अभियंते क्लॅरेन्स स्पायसर (१८७५–१९३९) यांना १९०३ मध्ये वंगणयुक्त, आच्छादित सार्वत्रिक सांध्याचे एकस्व मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी उत्पादन सुरू केले आणि साखळीची जागा हळूहळू प्रचालक दंडाने घेतली. पुढे सांध्याच्या वाट्यांमध्ये सुईसारखे बारीक रूळ असलेले धारवे आले. घर्षण घटले, पण जुळणीतील सैलपणाला वावही उरला नाही.

पुढची चाके वळवायची आणि फिरवायचीही असल्यास कोन मोठा होतो व वेगातील चढउतार असह्य होतो. यावर १९२६ च्या सुमारास दोन उत्तरे निघाली. फ्रान्समध्ये झां-आल्बेर ग्रेग्वार व प्येर फनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा केला. अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा यांनी वक्र खाचांत पोलादी गोळ्या बसविलेला सांधा योजिला. १९५९ मधील ब्रिटिश ‘मिनी’ मोटारीत रझेप्पा प्रकारचे सांधे वापरले गेले आणि लहान मोटारींत ही रचना रूढ झाली.

महाराष्ट्रातील प्रसार : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. महिंद्र कंपनीच्या जीपगाड्याही मुंबईतच जोडल्या जात. या दोन्ही गाड्यांत प्रचालक दंड व ‘क्रॉस’ होते. सातारा व सांगली जिल्ह्यांत यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला होता. नांगर, पंप व तेलएंजिने दुरुस्त करणाऱ्या हातांना जीप परकी वाटली नाही. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले लोणंद (खंडाळा तालुका, सातारा जिल्हा) पुणे–मिरज लोहमार्गावर आहे. अशा गावांतून आतल्या खेड्यांकडे जाण्यास या भागात ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीपगाड्या हा मोठा आधार ठरला. प्रमाणाबाहेर भार, खडबडीत वाटा, धूळ व ओढ्यांचे पाणी यांमुळे सांध्यांतील वंगण लवकर निकामी होते. सांधा तुटून प्रचालक दंड रस्त्यावर लोंबल्यास गाडी उलटण्याचा संभव असतो. म्हणजे हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून प्रवाशांच्या जिवाचाही असतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० विक्रीस आली व पुढची चाके फिरविणारी रचना मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. लांब प्रचालक दंड गेला. त्याऐवजी दोन आखूड दंड व रबरी आच्छादनात बंद असलेले समवेग सांधे आले. त्यांना वरचेवर वंगण द्यावे लागत नाही. मात्र रबर फाटून धूळ आत गेल्यास ते झपाट्याने झिजतात व वळणावर ‘कट कट’ असा आवाज येतो.

अडणारे सांधे : ‘क्रॉस’ची वाटी पूर्ण आत जात नाही, याचे वारंवार आढळणारे कारण म्हणजे एखादा सुईरूळ निसटून वाटीच्या तळाशी आडवा पडणे. त्यामुळे अडकण-कडीची खाच उघडी होत नाही. अशा वेळी हातोडा मारल्यास वाटी तडकते किंवा दुबेळक्याचा कान वाकतो. दुबेळक्याचे भोक व खाच गंजापासून स्वच्छ करावीत, सुया घट्ट ग्रीसमध्ये उभ्या चिकटवाव्यात, फुलीची टोके समोरासमोरच्या दोन्ही वाट्यांत शिरलेली ठेवावीत आणि शेगड्यात योग्य मापाचे गोटी पाने धरून वाट्या सावकाश दाबाव्यात. कड्या बसल्यावर सांधा हाताने सर्व दिशांना सहज हलला पाहिजे. दंड व त्याची सरकती नळी वेगळी करण्यापूर्वी दोहोंवर खूण करावी. अनेक जीपगाड्यांत यासाठी बाण कोरलेले असतात. खूण चुकल्यास दुबेळके एका पातळीत राहत नाहीत आणि हुक यांच्या सांध्याचा मूळ दोष थरथरीच्या रूपाने परत येतो.

समवेग सांधा अडतो तो बहुधा दंडाच्या टोकाजवळील तारेच्या कडीमुळे. ही कडी खाचेत मध्यभागी नसल्यास तिची एक बाजू बाहेर राहते व आतील कड्यावर आदळते. ग्रीसने ती मध्यभागी धरून, दाबून लहान करावी. दंड व सांधा एका रेषेत आणून मऊ हातोड्याचा एकच सरळ ठोका द्यावा आणि मग सांधा ओढून कडी अडकल्याची खात्री करावी. नवे रबरी आच्छादन त्याआधीच दंडावर चढवावे लागते. काही बनावटींत बाहेरचा सांधा दंडापासून वेगळा होत नाही. तेथे आच्छादन आतील बाजूने घालतात. चाकाची मधली चाकी गाडी जमिनीवर असतानाच सैल करावी आणि गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम घोड्या लावाव्यात.

हुक यांच्या उपकरणापासून बंद समवेग सांध्यापर्यंत देखभालीची वारंवारता घटत गेली, तर जुळणीची अचूकता वाढत गेली. जुन्या सांध्याला नियमित वंगण देणारा हात हवा होता. नव्याला त्याबरोबर रचना जाणणारी दृष्टी हवी असते. सांधा अडला असता हातोडा खाली ठेवून तो कशाला अडला हे पाहणे, हा या दुरुस्तीचा पहिला नियम होय.