देवधर, दिनकर बळवंत

(१४ जानेवारी १८९२–२४ ऑगस्ट १९९३). महाराष्ट्राचे विख्यात क्रिकेटपटू व कर्णधार. जन्म व मृत्यू पुणे येथे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. क्रीडाजगतातही ते ‘प्रा. देवधर’ म्हणूनच ओळखले जात.

१९११ मध्ये त्यांच्या प्रथम श्रेणीच्या क्रिकेटला प्रारंभ झाला. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघातर्फे खेळत. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस अखिल भारतीय संघातर्फे त्यांनी १४८ धावा काढल्या. ह्या दौऱ्यातील भारतीयांच्या खेळामुळे कसोटी क्रिकेटमधील प्रवेशाचा मार्ग सुकर झाला. परंतु जून १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा देवधरांनी चाळिशी ओलांडली होती. त्या संघात त्यांची निवड झाली नाही व पुढेही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही.

वयाबरोबर खेळ मंदावतो, हा समज मात्र त्यांनी खोटा ठरविला. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. यांपैकी दुसऱ्या मोसमात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या. १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके झळकावली. १९४६ पर्यंत ते प्रथम श्रेणीचे सामने खेळत होते.

विजय हजारे यांच्यासारखे फलंदाज त्यांच्या संघातून पुढे आले. भारत सरकारने १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या आंतरविभागीय मर्यादित षटकांच्या स्पर्धेच्या करंडकास त्यांचे नाव देण्यात आले.