उसन्या बंदुका : कॅनडाच्या रॉस रायफलीचा इतिहास

ज्या राष्ट्राला आपल्या सैनिकाच्या हातांतील बंदूक परदेशांतून मागवावी लागते, त्या राष्ट्राचें संरक्षण खरोखर त्याच्या स्वतःच्या हातीं असतें काय? शांततेच्या काळांत हा प्रश्न फारसा कोणास सुचत नाहीं. पैसे मोजले कीं माल मिळतो, अशी सर्वांची समजूत असते. परंतु युद्ध सुरू झालें म्हणजे बाजाराचा कायदा बदलतो. ज्याचा कारखाना त्याची गरज पहिली, आणि गिऱ्हाइकानें मागें रांगेंत उभें राहावें, असा नवा रिवाज पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅनडा देशास हा धडा मिळाला. त्यापासून त्यानें जो बोध घेतला तो अर्धा बरोबर व अर्धा चूक होता. आणि चुकीच्या अर्ध्याची किंमत १९१५ सालीं बेल्जमच्या भूमीवर त्याच्या तरुण सैनिकांस मोजावी लागली.

१८६७ सालीं कॅनडाचें संघराज्य अस्तित्वांत आलें, तरी शस्त्रांच्या बाबतींत तो देश इंग्लंडच्या ओंजळीनेंच पाणी पीत होता. १८९५ च्या अखेरीस व्हेनेझुएलाच्या सरहद्दीवरून इंग्लंड व अमेरिका यांच्यांत तेढ उत्पन्न झाली. युद्ध पेटलें असतें तर त्याची पहिली झळ शेजारच्या कॅनडास लागली असती, आणि कॅनडाच्या मिलिशियापाशीं तर एका वेळीं एकच गोळी घालावयाच्या जुनाट स्नायडर बंदुका होत्या. तेव्हां घाईघाईनें चाळीस हजार नव्या लीएनफील्ड रायफलींची मागणी इंग्लंडकडे करण्यांत आली. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होता. तथापि तें संकट टळलें व रायफली आल्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या रायफलीसाठीं कॅनडा समुद्रापलीकडे डोळे लावून बसला होता, तिची यंत्ररचना ज्याच्या बुद्धींतून निघाली तो जेम्स पॅरिस ली हा जन्मानें स्कॉच खरा, पण त्याचें बालपण कॅनडांतच, ऑन्टॅरिओ प्रांतांतील गॉल्ट गांवीं गेलें होतें. पुढें तो अमेरिकेंत गेला, तेथें त्याची कल्पना पूर्णतेस पोंचली आणि इंग्लंडनें ती उचलली. कॅनडांत वाढलेल्या मनुष्याच्या कल्पनेची बंदूक कॅनडास मात्र इंग्लंडांतून विकत घ्यावी लागे! बुद्धि असून चालत नाहीं. तिला कारखान्याची जोड लागते, हें यावरून दिसून येतें.

१८९९ च्या ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध सुरू झालें. कॅनडामधून सात हजारांहून अधिक लोक त्या युद्धांत लढण्यास गेले. साहजिकच देशांत आणखी रायफलींची गरज भासूं लागली. परंतु इंग्लंडमधील सर्व कारखाने ब्रिटिश फौजेच्या मागण्या पुरवितां पुरवितां थकून गेले होते. वसाहतींच्या मागण्या बाजूस पडल्या. कॅनडाचे मिलिशियामंत्री सर फ्रेडरिक बोर्डन यांनीं दुसरा उपाय योजून पाहिला. बर्मिंगहॅमच्या प्रसिद्ध शस्त्रकंपनीनें कॅनडांतच एक कारखाना काढावा, अशी सूचना त्यांनीं केली. पण ती कंपनीस मानवली नाहीं. माल मिळेना आणि माल करण्याची विद्याहि मिळेना, अशा कोंडींत ओटावाचें सरकार सांपडलें.

अशा वेळीं जो मनुष्य दार ठोठावतो तो देवदूतासारखा भासतो. सर चार्ल्स रॉस हा तसाच आला. स्कॉटलंडमधील बालनागाउन येथील हा श्रीमंत जमीनदार १८७२ सालीं जन्मला होता. ईटन व केंब्रिज येथें त्याचें शिक्षण झालें होतें. तो स्वतः उत्तम नेमबाज होता व नव्या बंदुकांची रचना करण्याचा त्याला विलक्षण नाद होता. ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीच्या धर्तीवर त्यानें आपली रायफल रचली होती. लीएनफील्डचा बोल्ट, म्हणजे नळीचें मागील तोंड बंद करणारा अडसर, आधीं वर फिरवून मग मागें ओढावा लागे. रॉसच्या रायफलींत तो सरळ मागें ओढला व सरळ पुढें ढकलला कीं काम होई. हाताची एक हालचाल वांचे आणि गोळीबार जलद होई. शिवाय रॉसनें स्वतःच्या भांडवलावर कॅनडांतच कारखाना काढण्याची तयारी दाखविली. याहून अधिक काय हवें होतें?

१९०१ सालीं तपासणीसाठीं एक समिति नेमण्यांत आली. अखंड गोळीबाराच्या कसोटींत ही नवी रायफल अडखळली. परंतु दोष काडतुसांचा आहे, असा निर्वाळा देऊन समितीनें आपलें अनुकूल मत नोंदविलें. या समितींत सॅम ह्यूज नांवाचा पार्लमेंटचा एक सभासद होता. त्याचें नांव पुढें पुन्हा येणार आहे. १९०२ च्या मार्च महिन्यांत करार झाला: पहिल्या वर्षीं बारा हजार व पुढें दरवर्षीं दहा हजार रायफली. क्वेबेक शहरांत, ज्या अब्राहमच्या पठारावर १७५९ सालीं इंग्रज व फ्रेंच यांच्या लढाईनें कॅनडाचें भवितव्य ठरलें, त्याच्यालगतच कारखान्यास जागा मिळाली. दैवाचा खेळ असा कीं, करारावरील शाई वाळते न वाळते तोंच, त्याच वर्षाच्या मे महिन्याच्या अखेरीस बोअर युद्ध संपलें. ज्या टंचाईसाठीं हा सारा खटाटोप केला तिचें कारणच नाहींसें झालें; करार मात्र कायम राहिला.

आणि टंचाई टाळण्यासाठीं काढलेल्या कारखान्यानेंच पुढें देशास वाट पाहावयास लाविलें. १९०३ सालीं मिळावयाचा माल १९०५ उजाडलें तरी हातीं येईना. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें पहिल्या एक हजार रायफली घोडेस्वार पोलिसांच्या स्वाधीन झाल्या, आणि लवकरच तक्रारींचा पाऊस सुरू झाला. १९०६ सालीं सराव चालूं असतां बोल्ट मागें उडून एका अंमलदाराचा डोळा गेला. पोलिसांनीं ही रायफल बाजूस ठेवली व आपल्या जुन्या बंदुका पुन्हा खांद्यावर घेतल्या. सरकारनें मात्र कारखान्याकडून सुधारणेवर सुधारणा करून घेण्याचा मार्ग धरला.

लंडनचें लष्करखातें प्रथमपासूनच या योजनेविरुद्ध होतें. साम्राज्यांतील सर्व फौजांची शस्त्रें एका नमुन्याचीं असावींत, म्हणजे युद्धांत काडतुसें व सुटे भाग एकमेकांस उपयोगी पडतील, असें त्याचें म्हणणें होतें. तें बरोबरच होतें. पण "एक नमुना ठेवावा" असें सांगणारानें तो नमुना वेळेवर पुरवावयास नको काय, हा कॅनडाचा प्रतिप्रश्नहि तितकाच बरोबर होता. या दोन बरोबर गोष्टींचा मेळ घालण्याचा एक तिसरा मार्ग होता, आणि तो इतरत्र सांपडला. हिंदुस्थानांत कलकत्त्याजवळ इशापूर येथें १९०७ पासून, व ऑस्ट्रेलियांत लिथगो येथें १९१२ पासून, लीएनफील्ड नमुन्याचीच रायफल स्थानिक कारखान्यांत बनूं लागली. नमुना कसाला उतरलेला आणि कारखाना घरचा, असा तो मार्ग होता. कॅनडानें कारखाना घरचा केला. पण नमुनाहि निराळाच पत्करला.

तरी कांहीं वर्षें असें वाटत होतें कीं, कॅनडानें पैज जिंकली. इंग्लंडमधील बिस्ले येथील नेमबाजीच्या सामन्यांत १९११ व १९१३ या दोन्ही सालीं कॅनडाच्या नेमबाजांनीं राजाचें पारितोषिक पटकाविलें, आणि दोन्ही वेळां त्यांच्या हातीं रॉस रायफल होती. लांब नळीची ही रायफल अचूकपणांत अप्रतिम होती, हें तिच्या शत्रूंनींहि मान्य केलें आहे. परंतु नेमबाजीच्या मैदानावर रायफल स्वच्छ असते, काडतुसें निवडक असतात व दोन गोळ्यांच्या मध्यें विचार करण्यास अवकाश असतो. खंदकांत यांपैकीं एकहि गोष्ट नसते.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. तीस हजारांहून अधिक लोकांची कॅनडाची पहिली फौज ऑक्टोबरांत जहाजांवर चढली, ती रॉस रायफल घेऊन. १९१५ च्या एप्रिलची २२ तारीख. बेल्जममधील ईप्रजवळ जर्मनांनीं क्लोरिन वायूचे हिरवट ढग सोडले. शेजारची फ्रेंच फळी मोडली आणि उघड्या पडलेल्या खिंडाराचें रक्षण कॅनडाच्या सैनिकांवर येऊन पडलें. ते हटले नाहींत. परंतु त्यांच्या रायफलींनीं त्यांना दगा दिला. भराभर गोळ्या झाडूं लागतांच बोल्ट घट्ट बसे व हातानें ओढला जाईना. समोरून शत्रूची फळी चालून येत असतां सैनिक टाचेनें लाथा मारून आणि कुदळीच्या दांड्यानें ठोकून बोल्ट उघडण्याची धडपड करीत होते. पडलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या हातची लीएनफील्ड मिळाली तर ती उचलून ते रॉस फेकून देत. त्या लढाईंत कॅनडाचे सुमारे सहा हजार लोक मारले गेले, जखमी झाले वा शत्रूच्या हातीं पडले. वांचलेल्या सुमारे पांच हजारांपैकीं १,४५२ जणांनीं आपली रायफल टाकून लीएनफील्ड घेतली होती. शिस्तीच्या सैनिकानें सरकारी शस्त्र टाकणें हा गुन्हा होय. परंतु या गुन्ह्यानेंच शस्त्राचा निकाल सांगितला.

याच रणक्षेत्रावर २६ एप्रिल रोजीं हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन कॅनडाच्या लोकांच्या मदतीस धांवून गेली होती. हिंदी शिपायांस फ्रान्समध्यें मार्सेय बंदरीं उतरतांच नव्या ब्रिटिश रायफली देण्यांत आल्या होत्या. स्वराज्य भोगणाऱ्या कॅनडाचा सैनिक आपल्या सरकारनें निवडलेल्या बंदुकीनें अडला, आणि ज्याला निवडीचा अधिकारच नव्हता त्या हिंदी शिपायाच्या हातीं मात्र चालती बंदूक होती, असा हा विचित्र योग होता.

दोष कोठें होता? रायफलींत काडतूस बसण्याची जागा फार तंतोतंत कोरलेली होती. ब्रिटिश कारखान्यांतून युद्धाच्या घाईंत निघालेलीं काडतुसें किंचित् जाड भरत; नळी तापली कीं तीं अडकून बसत. दुसरें असें कीं, बोल्ट जोरानें मागें ओढला म्हणजे त्याच्या आट्याची कड मागच्या थांब्यावर आपटे व वाकडी होई. मग तो धड बसेना व धड सुटेना. यांतील बऱ्याच गोष्टींवर पुढें उपाय सांपडले. पण सैनिकाचा विश्वास एकदां उडाला म्हणजे तो कोणत्याहि कारखान्यांत दुरुस्त करून मिळत नाहीं.

१९१५ च्या जूनमध्यें पहिल्या डिव्हिजनला लीएनफील्ड मिळाली. मागून आलेल्या तुकड्यांच्या खांद्यावर मात्र रॉसच राहिली, कारण सॅम ह्यूज आतां स्वतः मिलिशियामंत्री होता. रॉसवरील टीका म्हणजे कॅनडाचा अपमान, असें त्यानें मानलें. कॅनडाच्या फौजेचा ब्रिटिश सेनापति ऑल्डरसन यानें रायफलीचे दोष स्पष्ट लिहून कळविले, तेव्हां ह्यूजनें त्याच्यावरच उलट भडिमार केला. १९१६ च्या मेमध्यें ऑल्डरसनची जागा गेली. अखेर सेनापति हेग यानें निर्णय दिला व त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत उरलेल्या तुकड्यांच्याहि रायफली बदलण्यांत आल्या. नोव्हेंबरांत ह्यूजला राजीनामा द्यावा लागला. एका हत्याराचा प्रश्न राष्ट्राभिमानाचा केला, म्हणजे त्यावर शांतपणें बोलणेंच अशक्य होतें, याचें हें ठळक उदाहरण आहे.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दबा धरून एकेक गोळी झाडणाऱ्या निष्णात नेमबाजांनीं रॉस रायफल शेवटपर्यंत सोडली नाहीं. ओजिब्वे जमातीचा फ्रान्सिस पेगामागाबो हा कॅनडाचा विख्यात सैनिक याच रायफलीनें लढला. हत्यार वाईट नव्हतें. तें चुकीच्या कामास लाविलें गेलें होतें.

१९१७ च्या मार्चमध्यें सरकारनें क्वेबेकचा कारखाना ताब्यांत घेतला व सर चार्ल्सला पुढें वीस लाख डॉलर भरपाई दिली. तेथें एकंदर सुमारें चार लाख वीस हजार लष्करी रायफली तयार झाल्या होत्या.

पुढच्या वेळीं कॅनडानें तिसरा मार्ग धरला. १९३८ च्या मार्चमध्यें टोरोंटो येथील जॉन इंग्लिस कंपनीशीं ब्रेन मशीनगनचा करार झाला: सात हजार कॅनडासाठीं व पांच हजार ब्रिटनसाठीं. त्या करारावर वर्तमानपत्रीं वादळ उठलें व चौकशीहि झाली. पण १९३९ सालीं युद्ध पेटलें तेव्हां कारखान्याची उभारणी सुरू झालेली होती. १९४० सालीं टोरोंटोजवळ लाँग ब्रँच येथें सरकारी कारखाना निघाला. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनें राबल्या व नऊ लाखांहून अधिक लीएनफील्ड रायफली बाहेर पडल्या. मधल्या काळांत दैवानें आणखी एक फांसा टाकला. त्याच वर्षीं डंकर्कच्या किनाऱ्यावर आपला सरंजाम टाकून परतलेल्या इंग्लंडनें कॅनडाकडे हात पसरला, आणि कॅनडानें पंचाहत्तर हजार जुन्या रॉस रायफली जहाजांत भरून पाठविल्या. चाळीस वर्षांपूर्वीं ज्यानें "सध्यां माल नाहीं" म्हणून सांगितलें, तोच आतां गिऱ्हाइकाच्या रांगेंत उभा होता.

टंचाईच्या भीतीनें कॅनडानें घरचा कारखाना उभारण्याचें ठरविलें, तें योग्यच होतें. चूक झाली ती पुढें. गरजेच्या वेळीं भेटलेला पहिला मनुष्य तोच योग्य मनुष्य असें मानण्यांत, आणि कसोटींत दिसलेला दोष अभिमानापायीं झांकण्यांत, ती चूक होती. परावलंबनांतून सुटण्याची घाई जितकी अधिक, तितकी परीक्षा कडक हवी. कारण ओटावाच्या कचेरींत झांकलेला दोष ईप्रच्या खंदकांत उघडा पडला, आणि तेथें त्याची झाडाझडती सैनिकांच्या प्राणांवर झाली.