कादंबरी पुन्हा हाती घेताना

मैत्रिणींनो, ‘कादंबरी’ हे मुळात एका नायिकेचं नाव. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेतून ते मराठीत आलं. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ निघाली, विधवांचे हाल सांगणारी. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः आली. यमू स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगते. नाव करमणूक, पण बालविधवेचं दुःख त्यातूनच वाचकांच्या घरात शिरलं.

म्हणून कादंबरीला कुणी रिकामा उद्योग म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. परक्या बाईचं दुःख आपलं वाटणं हीही करुणाच. दुपारची आवराआवर झाली की दहा पानं तरी वाचा.