दिनशा पेटिट यांचे दोन खटले : प्रेम, जमात आणि कायदा

आजचा विषय सांगायला सोपा आणि जगायला कठीण आहे. आपण ज्या माणसावर प्रेम करतो तो माणूस एका कडक, बंदिस्त धार्मिक जमातीतला असेल, तर नेमकं काय होतं? कादंबऱ्या आणि सिनेमे याचं उत्तर लग्नाच्या मांडवापाशी संपवतात. मला वाटतं, खरं उत्तर मांडवात मिळतच नाही. ते स्मशानात मिळतं, विश्वस्त निधीच्या कागदांत मिळतं आणि न्यायालयाच्या निकालपत्रात मिळतं. म्हणून मी आज मुंबईतली, शंभर वर्षांपूर्वीची एक हकीकत घेणार आहे. तिच्यात दोन प्रेमविवाह आहेत आणि दोन्हींच्या मध्ये एकच माणूस उभा आहे : सर दिनशा माणेकजी पेटिट, दुसरे बॅरोनेट.

पहिला विवाह रतनजी दादाभॉय टाटा यांचा. जमशेटजी टाटांचे हे नात्यातले, आणि धंद्यातले भागीदार. पहिली पत्नी वारलेली. १९०२ साली त्यांनी पॅरिसमध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. पुढं मुंबईत सुझानबाईंची नवजोत झाली, म्हणजे सुदरा-कुस्ती देऊन त्यांना झरतुष्ट्री धर्मात घेतलं गेलं. त्यांचं नाव सूनी ठेवलं आणि १९०३ मध्ये पारशी रीतीनं पुन्हा लग्न लागलं. आपले जे. आर. डी. टाटा हे याच दांपत्याचे चिरंजीव, जन्म १९०४.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? बाईंनी धर्म स्वीकारला, दस्तुरांनी विधी केले, नवऱ्याकडची माणसं राजी. अडलं ते पुढच्या प्रश्नावर. ही बाई अग्यारीत जाऊ शकते का? आणि ती वारली, तर तिचा देह डुंगरवाडीवर, दोखम्यात ठेवता येईल का? अग्यारी, दोखमे आणि गोरगरिबांसाठीचे निधी हे सगळं पारशी पंचायतीच्या विश्वस्तांच्या ताब्यात. हे हक्क बाहेरून आलेल्या माणसाला नाहीत, अशी भूमिका तिथं घेतली गेली. जमातीत सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरले, आणि १९०६ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. वादी सात जण होते. रतनजी टाटा त्यांतले एक, आणि खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते पहिले वादी दिनशा पेटिट. प्रतिवादी सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर विश्वस्त.

समोर न्यायमूर्ती दोन, दावर आणि बीमन. हे दावर म्हणजे आपल्या ओळखीचेच, दिनशा दावर. १८९७ मध्ये यांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता, आणि जुलै १९०८ मध्ये यांनीच न्यायाधीश म्हणून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पारशी खटल्याचा निकाल लागला. स्वतः दावर पारशी होते, हेही लक्षात ठेवा.

निकाल काय होता? इथं जरा थांबू या, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात फार मोठा ऐवज आहे. न्यायालयानं म्हटलं की झरतुष्ट्री धर्मात धर्मांतराला मुळात बंदी नाही. पण हिंदुस्थानात आल्यापासून या जमातीनं परक्यांना आत घेण्याची वहिवाट ठेवलेली नाही, आणि ज्यांनी हे निधी ठेवले, त्या दात्यांच्या मनात ‘पारशी’ म्हणजे ही जमातच होती. म्हणून सुझानबाई झरतुष्ट्री असतीलही, पण त्या पारशी नाहीत, आणि त्यामुळं निधीवर आणि दोखम्यावर त्यांचा हक्क नाही.

बघा, केवढी फोड झाली! श्रद्धा एकीकडं आणि सदस्यत्व दुसरीकडं. धर्माचं दार उघडं, पण जमातीचं बंद. आपण सहज म्हणतो, ‘धर्म आडवा आला.’ पुष्कळदा धर्म आडवा येत नाही. आडवी येते ती वहिवाट, मालमत्ता, आणि आपल्यात उद्या कोण येऊन बसेल ही धास्ती. त्या निकालपत्रात ही धास्ती स्पष्ट दिसते. एकदा दार उघडलं तर निधीच्या लोभानं खालच्या मानलेल्या जातींतले लोक आत शिरतील, ही काळजी तिथं लपवलेली नाही. जातिव्यवस्थेचा वारा किती दूरवर लागतो, याचा हा नमुना आहे.

दावरांनी जाता जाता पारशी कोण, याची एक व्याख्याही केली. पहिले, इराणातून आलेल्या मूळ पारशांचे वंशज, ज्यांचे आईबाप दोघेही झरतुष्ट्री आहेत आणि जे स्वतः तो धर्म पाळतात. दुसरे, नंतर आलेले झरतुष्ट्री इराणी. तिसरे, पारशी बाप आणि परकी आई यांची मुलं, ज्यांना रीतसर धर्मात घेतलं आहे. आता तुमच्यापैकी भगिनींच्या लक्षात आलंच असेल. आई पारशी आणि बाप परका असेल तर? त्या मुलांना या यादीत जागाच नाही. निकालाच्या दृष्टीनं ही व्याख्या अनुषंगिक होती, बंधनकारक नव्हती. पण पुढची शंभर वर्षं जमात तिच्यावरच चालली.

आता दुसरा विवाह. दिनशा पेटिट यांची मुलगी रतनबाई, लाडानं रटी, जन्म २० फेब्रुवारी १९००. १९१६ च्या उन्हाळ्यात पेटिट कुटुंबाबरोबर दार्जिलिंगला एक पाहुणे राहिले होते. हे बॅरिस्टर महंमदअली जीना, वय चाळिशीचं. एक गोष्ट सांगतात, ती न्यायमूर्ती छगलांच्या आठवणींतही येते. जीनांनी पेटिटांना विचारलं, आंतरजातीय लग्नांबद्दल आपलं मत काय? पेटिट म्हणाले, उत्तम, त्यानं देश एक होईल. मग जीना म्हणाले, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे. गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल असं नाही, पण पुढचं पक्कं आहे. पेटिट भडकले, न्यायालयात गेले, आणि मुलगी अल्पवयीन आहे म्हणून मनाई आणली. रटीनं अठरावं वर्ष पुरं होईपर्यंत वाट पाहिली, घर सोडलं, इस्लाम स्वीकारला, आणि १९ एप्रिल १९१८ रोजी जीनांशी लग्न केलं. वडिलांनी संबंध तोडले.

तुम्ही विचाराल, धर्म बदलायची गरज काय होती, नोंदणी पद्धतीनं लग्न करता आलं नसतं? १८७२ चा जो विवाह कायदा होता, त्यात दोघांनाही जाहीर करावं लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही. म्हणजे प्रेमासाठी दोघांनी आपापलं घर नाकारायचं. जीना मुसलमानांच्या जागेवरून कायदेमंडळात निवडून आलेले होते. असं जाहीर केलं तर ती जागा त्यांच्याकडं कशी राहणार? गंमत अशी की हाच कायदा सैल करायला निघालेल्या भूपेंद्रनाथ बसूंच्या विधेयकाला १९१२ मध्ये जीनांनी पाठिंबा दिला होता. ते विधेयक पडलं. कोणाचाही धर्म न सोडवता लग्न लावणारा कायदा यायला १९५४ साल उजाडलं. तेव्हा सोडायचं कोणीतरी एकानं, आणि ते सोडलं अठरा वर्षांच्या मुलीनं.

आता या दोन चित्रांकडं एकत्र पाहा. परक्या सुनेला आत घ्या, म्हणून जो माणूस भर न्यायालयात जमातीच्या विरोधात उभा राहिला, त्यालाच आपली मुलगी बाहेर जाताना पाहवेना. दिनशा पेटिट ढोंगी होते का? असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते तितकं सरळ वाटत नाही. कोणी आत आलं तर जमात वाढते, कोणी बाहेर गेलं तर आटते. सुधारक माणूससुद्धा दाराशी उभा राहून एका दिशेनं उदार असतो आणि दुसऱ्या दिशेनं कृपण. मुलीचं वय आणि नवऱ्याचं वय यांतलं अंतर होतंच, बापाची काळजी खोटी नव्हती. पण निकालपत्रातली व्याख्या आणि या बापाचा राग, दोन्हीकडं तराजू एकाच बाजूला झुकतो. पुरुष बाहेरची बायको आणतो तेव्हा त्याची मुलं जमातीची राहतात. स्त्री बाहेर जाते तेव्हा ती मुलांसकट पुसली जाते. पुढं काय झालं माहीत आहे? रटीच्या भावानं लग्न केलं ते सुझानबाईंच्या थोरल्या मुलीशी, सिलाशी. फ्रेंच आईची लेक पेटिटांच्या घरात सून म्हणून आली, आणि त्या घरची लेक परकी झाली.

शेवट पाहू. सुझानबाई १९२३ मध्ये पॅरिसमध्ये वारल्या. ज्यांच्या दोखम्यासाठी एवढा खटला झाला, त्या पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत विसावल्या. १९२६ मध्ये रतनजीही तिथंच, बायकोजवळ गेले. डुंगरवाडीवर त्यांचा हक्क निर्विवाद होता, तरी त्यांचा देह तिथं आला नाही. रटी २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी गेली. तोवर जीनांशीही तिचं अंतर पडलं होतं. माझगावच्या खोजा कब्रस्तानात तिला पुरलं. त्या दिवशी जीनांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं छगलांनी लिहून ठेवलं आहे. आणि १९३८ मध्ये जीनांची मुलगी दीना हिनं मूळ पारशी घराण्यातल्या नेव्हिल वाडियांशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा विरोध कोणी केला? जीनांनीच. दाराशी उभं राहायची पाळी आता त्यांची होती.

ही केवळ जुनी कहाणी नाही. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं म्हटलं की परधर्मीयाशी विशेष विवाह कायद्यानं लग्न केलेली पारशी स्त्री नवऱ्याच्या धर्मात गेली असं धरायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या पारशी अंजुमननं त्या स्त्रीला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ द्यायचं मान्य केलं. तिचं मागणं केवढं होतं? आईबापांच्या शेवटच्या क्रियेला लेक म्हणून हजर राहायचं. एवढंच.

जमातीची बाजूही ऐकली पाहिजे. २००१ च्या जनगणनेत भारतात पारशी ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४. हजार-बाराशे वर्षं परक्या भूमीत आपला अग्नी तेवत ठेवणाऱ्या माणसांना विझण्याची भीती वाटली, तर तिला हसू नये. कडकपणा हाही पुष्कळदा प्रेमाचाच एक प्रकार असतो, पूर्वजांवरच्या प्रेमाचा. पण त्या भीतीची किंमत कोण भरतं हे विचारायला हवं. ती नेहमी एकाच बाजूची माणसं भरत असतील, आणि बहुधा बायकाच भरत असतील, तर ती परंपरा राहत नाही, ती वसुली होते.

आणि प्रेम करणाऱ्या तरुणांनाही माझं एक सांगणं आहे. समोरच्या माणसाला ‘माझ्यासाठी काय सोडशील?’ असं विचारू नका. ‘तुला काय काय सोडावं लागणार आहे?’ असं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. त्यात सण असतील, आजीचा हात असेल, आईच्या प्रेताला खांदा देण्याचा हक्क असेल. ते सगळं ऐकून घेतल्यावर, त्यातलं आपण दोघं मिळून काय वाचवू शकतो, हे ठरवायला बसा. रटीच्या बाबतीत ते कोणीच केलं नाही. बापानं केलं नाही, आणि नवऱ्यानंही केलं नाही.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.